खंडेनवमीचं ऑइल

चढावर गाडी मधेच अडकली आणि मागं सरकायला लागली. मी मागं हौद्यात होते, मालकांचं डोकं मांडीवर घेऊन. मालक म्हणजे माझा नवरा. आधी खालून खडखड येत होती, मग घण घातल्यासारखा एक दणका बसला आणि इंजिनाचा आवाजच गेला. पोरगा पुढून ओरडला, "माय, दगड लाव, दगड." मी मालकांचं डोकं गोधडीवर ठेवलं, मागची फळी ओलांडून खाली उतरले, रस्त्याकडेचा एक धोंडा ढकलत आणला आणि चाकामागं सारला. साठी उलटलेली बाई पिकअपची फळी कशी ओलांडते ते विचारू नका. ओलांडली. गाडी धोंड्याला टेकून थांबली.

मार्गशीर्षातली सकाळ होती. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. तेरखेडा मागं पडलं होतं आणि येरमाळा अजून पुढं होतं. मालकांच्या छातीत घरनंच कळ निघाली होती, ती डाव्या हातात उतरली होती. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. ओठ राखेच्या रंगाचे. आम्ही त्यांना बार्शीच्या दवाखान्यात न्यायला निघालो होतो आणि बार्शी लांब होती.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"बंद पडली."

"गरम झाली का?"

पोरानं बॉनेटवर हात ठेवून बघितला. "न्हाय दादा. कोमट बी न्हाय."

मालक म्हणाले, "बेअरिंग धरलं."

जीव छातीत अडकलेला आणि कान इंजिनाकडं. जन्म ट्रॅक्टरवर काढलेला माणूस. मी म्हणाले, "तुमी गप पडा. तुमचं काय धरलंय ते बघू आदी."

ही वेळ कशी आली ते सांगते. ती एका दिवसात आली नाही.

आमची खव्याची भट्टी आहे. आमच्या बाजूला पाऊस कमी, शेती बेताची, पण म्हशी आहेत आणि दूध आहे. ते आटवायचं आणि खवा शहरात पाठवायचा, हे घर त्यावर चालतं. भट्टी मालकांची. दूध घेतानाही तेच बसायचे. कुणाचं दूध कसं आहे ते त्यांना अंगठ्याच्या नखावर कळायचं. नखावर थेंब घ्यायचा. थेंब तिथंच बसून राहिला तर दूध खरं. पळाला तर पाणी घातलंय. त्यांच्या नखानं कधी चूक केली नाही, हे गावात कुणीही सांगेल. पाणी घालणारा माणूस आमच्या दारात यायला बिचकायचा. खव्याचंही तसंच. चिमटीत धरून चोळायचा, घट्ट आहे का सैल ते बघायचं. घट्ट ते चांगलं, पातळ ते लबाडीचं. आमच्या घरात हा हिशेब सगळ्याला लागू होता. दुधाला, काकवीला, तुपाला, पिठल्याला. मग गाडी आली तेव्हा तो गाडीलाही लागला.

पिकअप नवी घेतली ती खव्यासाठी. पहिल्या सर्व्हिसिंगा शोरूममध्येच झाल्या. त्यातली एक चैतात झाली. गाडी घरी आली, पोरगा बॉनेट उघडून काहीतरी बघत होता, तेवढ्यात मालकांनी ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि एक थेंब नखावर घेतला. अंगणात उन्हाचा जाळ होता. थेंब नखावरून सरळ मनगटाकडं पळाला.

"हे बघ," मालक म्हणाले. "पळालं. पाणी घातलंय त्येनी."

पोरगा म्हणाला, "दादा, ते तसंच आसतंय. गाडीच्या पुस्तकात पाच-तीस नंबर लिवलंय. पातळच लागतंय ह्या इंजिनाला."

"पुस्तक लिवणारा आपल्या चैतात येऊन बसला व्हता का हितं? कावळ्याला सावली घावना आन तू गाडीला सरबत पाजतोस."

सून पत्र्याखाली भांडी घासत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "मामा, उन्हाळ्यात सरबतच बरं की."

मालक हसले. सुनेचं ते ऐकून घ्यायचे, पोराचं नाही. पण मनात धरायचं ते त्यांनी धरलं. शोरूमवाले लबाड, हे त्या दिवशी ठरून गेलं.

पुढं शोरूमच्या फेऱ्या संपल्या आणि गाडीचं ऑइल घरी बदलायची पाळी आली. आमच्या घरात ऑइल बदलायचा दिवस ठरलेला. खंडेनवमी. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं आहे. त्या दिवशी कोयते, खुरपी, विळे, पहार, भट्टीची कढई, खवा हलवायचं लांब दांड्याचं उलथनं, सगळं धुऊन अंगणात मांडायचं. ट्रॅक्टर धुवायचा, विहिरीवरचं डिझेल इंजिन पुसायचं. पूजेच्या आधी सगळ्या यंत्रांचं जुनं ऑइल सोडायचं आणि नवं भरायचं. देवाला न्हाऊ घालून नवं वस्त्र देतात, तसं. आणि ते नवं ऑइल सगळ्यांना एकाच पिंपातलं. चाळीस नंबरचं, जाड, काळपट मधासारखं. ट्रॅक्टर म्हातारा, विहिरीवरचं इंजिन त्याच्याहून म्हातारं, त्या दोघांना ते चालत होतं. घर एक, पिंप एक, असं मालक म्हणायचे.

त्या वर्षी पिकअपही त्या रांगेत उभी राहिली. पोरानं शहरातून पुस्तकात लिहिलेल्या ऑइलचा डबा आणून ठेवला होता. मालकांनी झाकण उघडून नखावर थेंब घेतला. तो पळाला. डबा त्यांनी बाजूला सारला आणि पिंपाचं ऑइल गाडीत ओतलं. वर गिअरबॉक्सचं नव्वद नंबर ऑइल मगाभर घातलं. ते तर चिकट, धार तुटत नाही असं. ताकद यावी म्हणून. जुनं इंजिन धूर टाकायला लागलं की लोक घालतात तसं थोडं. इथं इंजिन नवं होतं.

पोरगा म्हणाला, "दादा, ह्यात नको. आयका."

"खंडेनवमीला औजारापुढं उभं ऱ्हाऊन नको म्हणायचं नसतंय," मालक म्हणाले.

पोरानं डब्याचं झाकण परत लावलं. त्या दिवशी यंत्रापुढं वाकडा शब्द बोलत नाहीत, हे त्याला लहानपणापासून आम्हीच शिकवलेलं. सुनेनं गाडीला हळदी-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फुटला. झालं.

आणि गाडी चांगली चालली, हे खरं सांगितलं पाहिजे. आश्विनातलं ऊन आमच्याकडं काही कमी नसतं. ऊन असेपर्यंत ते जाड ऑइल सैल राहिलं. उलट इंजिनाचा आवाज आधीपेक्षा कमी यायला लागला. मालक गाडीजवळ उभे राहून पोराला बोलवायचे. "आयक. हाय का आवाज? लोण्यावर चालल्यागत चालतीया." पोरगा ऐकायचा आणि मान हलवायचा. गाडी खरंच बिनआवाजाची चालत होती.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. आमचा भाग डोंगरावरचा, बालाघाटाचा. दुपारी अंगात सदरा नको वाटतो आणि पहाटे हाताची बोटं वळत नाहीत. शिंक्यातल्या तुपात सकाळी चमचा उभा राहतो. गाडी सकाळी कुरकुरायला लागली. चावी फिरवली की घर्र घर्र करून थांबायची, परत फिरवावी लागायची. चालू झाली की पहिला थोडा वेळ आतून टकटक यायची. पुढं मीटरच्या काट्यांच्या शेजारी एक लाल दिवा असतो, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. तो चालू झाल्या झाल्या विझायला पाहिजे. आमचा पेटून राहायचा आणि बऱ्याच वेळानं आपोआप विझायचा. पोरानं ते सांगितलं तेव्हा मालक म्हणाले, "थंडीचं माणूस तरी लवकर उठतंय व्हय?"

इतके दिवस इंजिन टिकलं त्याचं कारण वेगळं होतं. रोज सकाळी पोरगा गाडी चालू करून तशीच सोडून द्यायचा आणि आम्ही खव्याच्या पाट्या हौद्यात भरायचो. पाट्या लावायच्या, ओलं फडकं टाकायचं, दोरी बांधायची, मग चहा प्यायचा. तोपर्यंत इंजिन गरम व्हायचं, आतलं ऑइल सैल व्हायचं, लाल दिवा विझायचा. मग गाडी निघायची. ही आमची रीत खव्यासाठी होती, गाडीसाठी नव्हती. पण गाडी तिच्यावर जगत होती.

त्या सकाळी पाट्या भरायच्या नव्हत्या.

मालक भट्टीवर होते. कढईत दूध आटत आलं होतं, खवा धरायची वेळ. तेव्हा हात थांबवता येत नाही, थांबला की खाली लागतो. मी सरपण सारत होते. त्यांनी उलथनं कढईच्या काठाला टेकवलं आणि खाली बसले. मी म्हणाले, "लागतंय की खाली." ते म्हणाले, "लागू दे." मी वर बघितलं. त्या माणसानं खव्याला लागू दे म्हणावं असं कधी झालं नव्हतं. छातीवर हात होता. मी सुनेला हाक मारली, तिनं कढई धरली. पोरगा उठून आला. अँब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. पोरगा म्हणाला, आपली गाडी हाय, चला.

हौद्यात गादी टाकली. मालकांना उचलून ठेवलं. सून लेकरांपाशी आणि भट्टीपाशी थांबली. पोरानं चावी फिरवली. दोनदा घर्र झालं, तिसऱ्यांदा चालू झाली.

मालक पडल्या पडल्या म्हणाले, "थांब. गरम हू दे जरा."

पोरगा म्हणाला, "दादा, गप पडा तुमी."

त्यानं गिअर टाकला आणि गाडी पळवली. मी त्याला दोष देत नाही. बाप मागं घामानं भिजलेला असताना कोण इंजिन गरम करत बसतं? लाल दिवा पेटलेलाच होता. त्यानं तो बघितला, रोज विझतो तसा विझेल म्हणाला आणि परत तिकडं बघितलंच नाही. गावच्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागेपर्यंत त्यानं गाडी जेवढी ताणता येईल तेवढी ताणली. मग चढ लागला आणि ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं.

पोरगा रस्त्याच्या मधे उभा राहिला. हमरस्त्याला गाड्यांना काय तोटा. पण पहाटेच्या वेळी चढाला लागलेला ट्रक थांबत नाही, थांबला तर परत उचलत नाही. कारवाले तर दिवे दाखवून बाजूनं निघून जातात, त्यांना वाटतं लुटायला उभे आहेत. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर आला, त्याचा माणूस थांबला, पण त्याच्या मागं पेशंट घेऊन जायचं म्हणजे दुपारच झाली असती. तो म्हणाला, "मावशी, मी हळू जातो. मागनं येणारं वाहन अडवा. माझी ट्रॉली आडवी लावू का?" पोरगा म्हणाला, लावा. त्यानं ट्रॉली थोडी तिरकी घेतली आणि मागचं वाहन थांबलं. तो एक टेम्पो होता.

टेम्पोवाला शिव्या देतच उतरला. मग हौद्यात बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"कुठं न्यायचंय?"

"बार्शीला."

"मीबी बार्शीलाच चाललोय. पण आजी, मागं फटाक्याचा माल हाय. लग्नाचा."

"मग?"

"न्हाय, कुणी बिडी-काडी…"

"त्यांच्या छातीत कळ हाय. ते कसली बिडी वढत्यात."

"तसं न्हाय वो. बरं, घ्या, घ्या. पुढं घ्या त्येनला."

मालकांना केबिनमध्ये घेतलं, पोरगा त्यांना धरून बसला. पुढं तिसऱ्याला जागा नव्हती. मी मागं फटाक्यांच्या खोक्यांवर बसून बार्शीला गेले. सगळ्या वाटेत मला एकच दिसत होतं, केबिनच्या मागच्या काचेतून पोराचं डोकं. ते सरळ होतं तोवर मी समजून होते की बाप आहे. एकदा ते डोकं खाली वाकलं. मी काचेवर थाप मारली. ते परत वर आलं. मागं वळून त्यानं मान हलवली.

दवाखान्यात त्यांना आत नेलं. डॉक्टर बाहेर येऊन विचारायला लागले, कधीपासून दुखतंय, एवढा उशीर का. पोरगा म्हणाला, वाटेत गाडी बंद पडली. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळायचं इंजेक्शन दिलंय. पण हृदयाच्या एका भागाला बराच वेळ रक्त मिळालेलं नाही. तो भाग परत येईल का, आज सांगता येणार नाही. माणूस राहील का, तेही उद्याच सांगेन."

आम्ही बाकावर बसलो. पोराच्या हाताला डिझेलचा वास येत होता.

"माय, म्या पुस्तक वाचलं व्हतं," तो म्हणाला.

"मग?"

"बोललो न्हाय."

"बोलला व्हतास. त्यांनी आयकलं न्हाय."

"परत बोलायला पायजे व्हतं. लाल दिवा बघितल्यावर तरी."

"व्हय," मी म्हणाले. "पायजे व्हतं."

खोटं कशाला सांगायचं. तो रडायला लागला. मी त्याला चहा आणायला पाठवलं. माणसाच्या हाताला काम असलं की रडणं आवरतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, माणूस राहील. हृदयाचा एक भाग गेला. आता ओझं उचलायचं नाही, भट्टीपुढं उभं राहायचं नाही. ऐकून मी फक्त "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नाही.

मालक दवाखान्यात होते तेव्हाच पोरानं गाडी ओढून येरमाळ्याला मिस्त्रीकडं नेली होती. इंजिन उघडलं त्या दिवशी मी तिथं होते, एसटीची वाट बघत. सकाळचीच वेळ. मिस्त्रीनं खालचा चेंबर सोडला. त्यातलं ऑइल खाली पडेना. त्यानं सळई बुडवून वर काढली तर ते काकवीसारखं लोंबायला लागलं.

पोरगा म्हणाला, "ऑइल तर भरपूर हाय की."

"हाय की," मिस्त्री म्हणाला. "पण खालीच बसून हाय. वर चढलंच न्हाय. टर्बोला न्हाय, बेअरिंगला न्हाय. कोरडं फिरलं सगळं. तेवढ्यात तुमी चढाला ताणलं." मग सळई पुसत म्हणाला, "आमी बी घालताव जुन्या गाडीत. नव्याला म्या बी घातलं आसतं, कुणी सांगितलं आसतं तर. कशाला खोटं बोलू."

तो पुढं जे बोलला ते मी नीट ऐकून घेतलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, आकडे मला वाचता येतात. डब्यावर दोन आकडे असतात आणि मधे इंग्रजी डब्ल्यू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं ते ऑइल थंडगार इंजिनात लवकर पळतं. नंतरचा आकडा गरम इंजिनाचा. तो जितका मोठा, तितकं ते तापल्यावर जाड राहतं. नुसता चाळीस लिहिलेला डबा म्हणजे उन्हाचा हिशेब आहे, थंडीचा नाही. नव्या इंजिनाच्या आतल्या फटी बारीक असतात, जाड ऑइल तिथं शिरायला वेळ लावतं. जुन्याच्या फटी झिजून रुंद झालेल्या असतात, म्हणून तिथं जाड चालतं.

आमच्या जिल्ह्यात हे दोन्ही आकडे बघावे लागतात. वैशाखात इथं ट्रॅक्टरच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो, आणि त्याच अंगणात मार्गशीर्षात पहाटे तूप थिजतं. लोक फक्त ऊन बघतात. आपला मुलूख उन्हाचा, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून जाड ते चांगलं म्हणतात. पण इंजिन झिजतं ते बहुतेक सकाळी चालू करताना, हे मला मिस्त्रीनं सांगितलं, आणि सकाळ वर्षातून तीन-चार महिने थंडच असते. तेव्हा गाडीच्या पुस्तकात आपल्या हवेसाठी जे लिहिलंय ते घालावं. आपल्या नखावर जाऊ नये. नख दुधासाठी आहे.

याचं उलटंही सांगते. पोरगा त्या धसक्यानं दुसऱ्या टोकाला गेला. त्यानं घरातलं पिंप विकून टाकलं आणि म्हाताऱ्या ट्रॅक्टरमध्येही तेच पातळ पाच-तीस घातलं. वैशाखात नांगरट लागली तर ट्रॅक्टर निळा धूर टाकायला लागला आणि ऑइल पिऊ लागला. मिस्त्रीनं डोकं धरलं. "आरं, ह्येला पंधरा-चाळीस घाल की. म्हाताऱ्याला पोराचा सदरा कसा बसंल?" आता घरात दोन डबे आहेत. दोन्हींवर सुनेनं रंगानं लिहून ठेवलंय, कुठला कुणाचा.

मालक दवाखान्यातून घरी आले ते गोळ्या घेऊन आले. त्यातली एक रोज घ्यायची, जन्मभर. डॉक्टरांनी सांगितलं ती रक्त पातळ करायची गोळी आहे.

मालक म्हणाले, "पातळ?"

"हो. पातळच."

मी रोज सकाळी गोळी हातावर द्यायची, ते तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे. एक दिवस मी भट्टीची राख काढत होते तर राखेत चार-पाच गोळ्या सापडल्या. ओल्या होऊन सुकलेल्या. गालात धरून थुंकत होते.

मी त्या हातावर घेऊन त्यांच्यापुढं गेले. ते बाजेवर उन्हाला बसले होते.

"ह्या काय?"

"माणसाचं रगत पातळ करून माणूस टिकतंय व्हय?" मालक म्हणाले. "आदीच ताकद गेली. त्यात पाणी घालायचं?"

मी भांडले नाही. घरात गेले, देवळीतली खोबरेल तेलाची बाटली आणली. पौष होता, तेल पांढरं फटक गोठलेलं. झाकण काढलं आणि त्यांच्या तळहातावर उलटी धरली. एक थेंब पडला नाही. मी तशीच धरून उभी राहिले.

"काय करतीयास?"

"हे जाड हाय. लावा डोक्याला."

ते बाटलीकडं बघत बसले. मग माझ्याकडं. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिला वाटलं असेल म्हातारा-म्हातारीचं डोकं फिरलं. मालकांनी हात मागं घेतला.

"आण," म्हणाले.

मी नवीन गोळी दिली. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावलं. अजून रोज लावते. त्यांना राग येतो. येऊ दे.

ते आता भट्टीपुढं उभे राहत नाहीत. दूध घेताना बसतात, तेवढं जमतं. चार पावलं चाललं की थांबतात, दम धरतात, परत चालतात. कढई पोरगा आणि सून बघतात. खवा पूर्वीसारखा होत नाही, गिऱ्हाईकही तसं म्हणतात. गाडीला दुसरं इंजिन बसलं. ऑइलनं त्यांना मारायला घेतलं असं मी म्हणत नाही. छातीतली गुठळी ऑइलनं आली नव्हती. पण जो वेळ त्या चढावर गेला तो ऑइलनं खाल्ला, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच. हे मालकांनाही माहीत आहे. त्यांनी ते कधी तोंडानं म्हटलं नाही आणि मी म्हणायला लावलं नाही.

त्या सकाळी गाडीत आम्ही तिघं होतो. मालक, मी आणि पोरगा. तिघंही जिवंत आहोत.